चार नंबर

प्रल्हाद खिल्लारेचा मैदानावरचा चेहरा
मला नीट आठवत नाही.
पाठ आठवते.
घामानं चिकटलेली निळी जर्सी, तिच्यावर चार,
आकडा एका कडेनं उसवलेला.
त्याची माय दर मोसमात टाके घालायची,
दर मोसमात ते तुटायचे.

मी गोलकीपर. मला पॅड, छातीला कवच,
डोक्याला हेल्मेट, रेल्वेच्या रजिस्टरात सही करून घेतलेलं.
त्याला दातांचं रबर
आणि डाव्या हातात एक मोजा.
समोरच्यांना पेनल्टी कॉर्नर मिळाला
की आम्ही पाच जण रेषेमागे.
माझ्याकडे न बघता तो म्हणायचा,
"तू हलू नकू. मी जातो."

आणि सुटायचा
सरळ, मारणाऱ्याच्या पायांकडे,
चेंडू जिथून येणार तिथंच,
जसा कुणी पेटत्या चुलीत हात घालावा
भाकर जळू नये म्हणून.

नांदेडला मांडीवर. सिकंदराबादेत बरगडीवर.
सोलापूरच्या फायनलला कानाच्या जरासं वर.
उठला, कडेच्या नळाखाली डोकं धरलं,
पुढच्या कॉर्नरला पुन्हा रेषेवर.
दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो माझा होता.
खाली एकच शब्द : अभेद्य.
कात्रण अजून आहे माझ्याकडे.

पूर्ण्याला लोको शेडमागच्या मुरमावर
बाभळीच्या वाकड्या फांदीनं शिकलो आम्ही.
इंजिनाच्या राखेनं डी आखायचो,
वारा आला की डी उडून जायची
आणि गोल झाला की नाही
यावर मारामाऱ्या.
त्याच राखेतून तो खलाशी झाला, मी टीसी.
चौदा एप्रिलला वस्तीनं दोघांना
एकाच जीपमध्ये उभं करून मिरवलं.
तेव्हाही तो पुढं होता, बॉनेटला धरून.

मग त्याला नावं सापडेनात.
आधी स्टेशनांची.
मिरखेलनंतर पिंगळी, हे शेंबड्या पोराला ठाऊक.
मग पाना कुठला, नट कुठला.
एक दिवस फोरमनची कॉलर धरली,
कशासाठी, ते त्यालाच सांगता येईना.
लोक म्हणाले, पितो.
पीत होता. पण नंतर.
आधी डोकं दुखायचं, रात्र रात्र,
भिंतीला कपाळ लावून बसायचा.
हे चौकशीत कुणीतरी सांगायला हवं होतं.
साक्षीला मला बोलावलंही होतं.
मी त्या दिवशी ड्युटी मागून घेतली,
मनमाडपर्यंत.

क्वार्टर गेलं. पेन्शन फायलीत अडकली.
कौशल्या आता लोकांच्या शेवया करून देते,
फायनलच्या कपानं ज्वारी मोजते,
दोन कप म्हणजे बरोबर सहा भाकरी, म्हणाली.
कपाचा एक कान तुटलेला.

परवा गेलो. रिटायर होऊन चार वर्षं झालेली,
अंगावर साधा सदरा.
तरी त्यानं मला पाहिलं आणि
खिसे चाचपायला लागला.
"काढलंय साहेब. इथंच होतं."
बनियनचा खिसा, लेंग्याची नाडी,
उशीखाली, पुन्हा बनियन.
मी म्हणालो, राहू दे, राहू दे,
आणि माझाच आवाज मला
डब्यातल्यासारखा वाटला.

कौशल्यानं चहा टाकला.
दाराला आडवी खाट कशाला लावलीय, विचारलं
तर म्हणाली, "रातच्याला पळतेत."
पुढं काही बोलली नाही.

तेवढ्यात यार्डात शंटिंगचं इंजिन ओरडलं.
तो उठला.
गुडघे कडकडले, पण उठला,
पाठ माझ्याकडे केली.
मळक्या बनियनवर काहीच लिहिलेलं नव्हतं.
म्हणाला,
"तू हलू नकू."
खाटेवरून उडी मारून तो
अंधारात, रुळांच्या दिशेनं.

कौशल्या उतू जाणारा चहा तसाच टाकून
त्याच्यामागे धावली.

मी,
इतक्या वर्षांच्या सवयीनं,
हललो नाही.